सरकारमान्य शत्रू

माझे चुलते, तात्या, खुर्चीवर बसण्याआधी सदरा उचलायचे. थोडासाच, उजव्या बाजूने, कमरेचं रिव्हॉल्वर दिसेल एवढाच. लग्नात, दहाव्याला, शाळेच्या झेंडावंदनालासुद्धा. कुणी पाहिलं नाही असं वाटलं, तर पुन्हा उठायचे आणि पुन्हा बसायचे.

आमच्या घरातून बीडला कॉलेजात गेलेली मी पहिलीच. घरच्या माणसाविषयी असं लिहावं का, हे मला अजून ठरवता येत नाही. तात्या वाईट नाहीत, एवढं आधीच सांगते.

आमचं घराणं मेंढरंवाल्यांचं, गाव नांदूरघाटाच्या पलीकडे. तात्यांनी मेंढरं विकून जमीन वाढवली आणि तालुक्याच्या एका पुढाऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसू लागले. त्या गाडीतल्या सगळ्यांच्या कमरेला काही ना काही होतं. तात्यांच्या कमरेला करदोडा होता.

"जिवाला लई धोका हाय," ते म्हणू लागले. "आता सेफ्टी पायजे."

अडचण एकच होती. परवाना हवा तर धोका कुणापासून आहे हे सांगावं लागतं, आणि तात्यांना शत्रूच नव्हता. मारावं इतकं त्यांना कुणी मनावर घेतलं नव्हतं. रोज शिव्या देणारा माणूस मात्र एक होता, त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे वडील. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. दोघांच्या शेतांमध्ये एक बांध आहे. 'तू बांध कोरलास' म्हणून सकाळी गाव ऐकेल असं भांडायचं आणि दिवस मावळता काकूंच्या हातचा चहा एकाच बाजेवर बसून प्यायचा, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. तात्यांनी अण्णांचं नाव सांगून टाकलं.

जमादार चौकशीला आले तेव्हा अण्णा मेंढरू कातरत होते. "भावाला मारणार म्हणतोस म्हणं?" जमादारांनी विचारलं. अण्णांच्या हातातली कातर तशीच राहिली. अर्ध्या कातरलेल्या अंगाने मेंढरू पळून गेलं.

संध्याकाळी तात्या समजूत काढायला आले. "नुसतं कागदावर हाय, येड्या. मनावर कावून घेतोस?"

"बरं," अण्णा म्हणाले, "मग चहा बी कागदावरच पी."

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं. पुढे परवाना मिळाला आणि रिव्हॉल्वर घरात आलं. अण्णा पारावर सांगायचे, "म्या साधा न्हाई, सरकारमान्य शत्रू हाय." लोक हसायचे. अण्णाही हसायचे, पण आता शेतात जाताना कुऱ्हाड घेऊन जायचे. "त्याच्याकडं ते हाय, तर माझ्याकडं हे नको का?" आई मला हॉस्टेलवर फोन करून रडायची. "खोटं लिवलेलं एक दिवस खरं करतेत बघ हे दोघं."

अबोला मोठ्यांचा होता, म्हणून सुट्टीत मी काकूंकडे जायची. तिथलं दृश्य वेगळंच. रिव्हॉल्वर तात्यांना सांभाळणार होतं, पण सगळं घर रिव्हॉल्वरला सांभाळत होतं. तात्यांनी विहिरीत पोहणं सोडलं, कारण काठावर ते कुणाच्या भरवशावर ठेवायचं? काकूंचं माहेर तुटलं, कारण कपाटाजवळ कुणीतरी हवंच. उन्हाळ्यातही तात्या दार लावून आत झोपायचे. "सेफ्टी हाय," घाम पुसत सांगायचे.

निवडणुकीत सगळ्यांची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा झाली. तात्या निकाल लागेपर्यंत उंबऱ्याबाहेर आले नाहीत. मी भीत भीत विचारलं, "तात्या, या दिवसांत कुणीच कसं मारायला आलं नाही?"

"येतेल कसे? त्यांचे बी जमा हायेत की."

"मग सगळ्यांचे कायमचेच जमा राहिले तर?"

तात्यांनी माझ्याकडे कीव करत पाहिलं. "कालिजात हेच शिकवतेत का?"

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी अवजारं पुजतात. काकूंनी पाटावर विळा, कोयता, खुरपी, लोकरीची कातर मांडली. मध्ये लाल कापडावर रिव्हॉल्वर. मी रांगोळी काढत होते.

"गोळ्या तरी काढा की," काकू म्हणाल्या.

"देवापुढं रिकामं हत्यार ठेवतेत का?" तात्या ओरडले.

त्यांनी त्याला हळद-कुंकू वाहिलं, पाणी शिंपडलं आणि झेंडूचा छोटा हार घातला. पूजा झाली. हार चापात अडकला होता. तात्यांनी रिव्हॉल्वर मांडीवर घेतलं, हार ओढला, निघेना म्हणून जोरात हिसका दिला.

एवढ्या वर्षांत सुटलेली ती पहिली गोळी. ती तात्यांच्या मांडीत गेली.

आवाज ऐकून अण्णा अनवाणी धावत आले. तेही घरी पूजाच करत होते, त्यामुळे हातात कुंकवाने माखलेली कुऱ्हाड. रक्तात बसलेल्या तात्यांनी ती लाल कुऱ्हाड पाहिली आणि दोन्ही हात वर केले. "नको बे! मारू नको!"

"कोण हाय? कुणी मारलं तुला?" अण्णा कुऱ्हाड उगारून घरभर शोधत होते. आमच्याशिवाय घरात कुणीच नव्हतं. पाटाजवळचं रिव्हॉल्वर दिसलं तेव्हा त्यांनी कुऱ्हाड फेकली, धोतर फाडून मांडी आवळली आणि भावाला पाठीवर घेऊन रस्त्यावरच्या जीपपर्यंत पळाले.

बीडच्या दवाखान्यात पोलीस आले. शत्रूचं नाव त्यांना ठाऊकच होतं आणि तो शत्रू रक्ताने भरलेल्या कपड्यांत समोर उभा होता. अंगावर कुंकूही होतं.

"हाच ना तो भाऊ?" साहेबांनी विचारलं. "भिऊ नका. यानंच मारलं?"

खरं सांगितलं तर तात्यांचा परवाना जाणार, वर सगळा तालुका हसणार. काकू डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. तात्यांनी सवयीने सदरा उचलला. कमरेला नुसता करदोडा होता.

"न्हाई साहेब," ते म्हणाले. "हार काढताना सुटली. मीच."

"मग याच्यापासून धोका होता म्हणून सांगितलंत ते?"

"लायसन पायजे होतं, साहेब. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं, तर त्यानं खरंच मारलं असतं."

रिव्हॉल्वर गेलं ते गेलंच. तात्या लंगडत चालतात, काकू माहेरी जाऊन आल्या. सकाळी बांधावरून दोघांच्या शिव्या ऐकू आल्या की आई चुलीपुढून म्हणते, "हायेत, दोघं बी सुखरूप हायेत."

मागच्या सुट्टीत गावातला एक तरुण ठेकेदार चहाच्या वेळी आला. बाजेवर दोघे भाऊ बसले होते. "तात्या, दिवस लई वाईट आलेत. लायसन काढावं म्हणतो. तुमाला अनुभव हाय, कसं करायचं?"

तात्यांनी कपातला उरलेला चहा अण्णांच्या बशीत ओतला. मग त्याला विचारलं, "सख्खा भाऊ हाय का बे तुला?"