कोकरू, एक नग

तो आधी माणसाचे पाय बघायचा. मग गुडघे, मग हात, आणि सगळ्यात शेवटी तोंड. एक डोळा बारीक करून. आणि म्हणायचा, "थांबा. बघू द्या जरा."

कंपनीत कुणी रिटायर व्हायला आला की महिनाभर आधी त्याचं हे बघणं सुरू व्हायचं. निरोपाला कुणाला काय द्यायचं, ते तो ठरवायचा. हे काम त्याला कुणी दिलं नव्हतं, आपसूक त्याच्याकडं आलं होतं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. सगळ्यांचं बघतो, त्याचं कुणी बघत नाही.

त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याला ते आवडलं नसतं, असं मला वाटतं. 'वाटतं' लिहिलं, कारण त्याला काय आवडायचं नि काय नाही, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही.

वाळूजला आमची कंपनी. तो स्टोअरला, मी प्रेस मशीनवर. स्टोअर म्हणजे जाळीमागची खोली. बोल्ट, बेअरिंग, ग्रीस, हातमोजे, जे पाहिजे ते खिडकीतून मागायचं. मी शिकलो तिसरीपर्यंत, चौथीचं तोंड बघितलं नाही. पण तीस वर्षं प्रेसवर काढून दहाची दहा बोटं घरी घेऊन आलो. प्रेसवर काम केलेल्या कुणालाही विचारा, असे किती जण असतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी जो गाढवपणा केला तो वाचून तुम्हाला वाटंल, ह्याला अक्कलच नाही. तसं नाही.

आमच्या कँटीनचा आचारी सगळ्यांना वाढून झालं की उभ्या उभ्याच, हातावर भाकरी घेऊन जेवायचा. त्याच्या निरोपाला ह्यानं सागाचा पाट करून घेतला, वर आचाऱ्याचं नाव कोरलेलं. नुसता पाट दिला नाही. आचाऱ्याला त्यावर बसवलं आणि मॅनेजरसाहेबांच्या हातात वाढायचा डाव दिला. आचारी पहिल्या घासाला म्हणाला, "मीठ कमी हाय." दुसऱ्या घासाला रडायला लागला.

गेटवरच्या वॉचमनला तर त्यानं कुत्रं दिलं. आमच्याच गेटवर पडून असायचं ते. गळ्यात नवा पट्टा, पट्ट्याला पितळेचा बिल्ला, बिल्ल्यावर वॉचमनचं नाव. साहेब म्हणाले, "अरे, हे आपलंच कुत्रं ना?" तो म्हणाला, "साहेब, हे ह्यांचंच होतं. आपण नुसतं सांभाळलं."

चुकायचाही. पेंटशॉपमधला एकजण काम करताना सारखा भजनं म्हणायचा. त्याला ह्यानं टाळ दिले. आठ दिवसांनी त्याची बायको गेटवर. "कोण तो टाळ देणारा? भाईर काढा त्याला! आधी न्हाणीत गायचे, आता अख्ख्या गल्लीला उठवतेत!" हा हात जोडून उभा. "चुकलं वहिनी. माणूस बघितला, घर बघायचं राहिलं." टाळ परत घेतले. स्टोअरमध्ये कितीतरी दिवस खिळ्याला लटकत होते.

तो मला 'पाटील, तुम्ही' म्हणायचा, मी त्याला 'तू'. वय जवळपास सारखं. आमचं घर दौलताबादकडचं, शेतीवाडीचं. त्याचं गंगापूरकडचं, मेंढरांचं. पहिल्यापासून असंच चालत आलं होतं. त्यात काही आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मग त्याचीच पाळी आली. निरोपाला महिना राहिला आणि चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, आता ह्याला काय द्यायचं ते कोण ठरवणार? मी म्हणालो, "मी आणतो. त्यात काय येवढं!"

वेल्डर म्हणाला, "पाटील, घरच्या वहिनीला कधी गजरा तरी नेला का?"

सगळे खो खो हसले. आता तर मी हट्टालाच पेटलो. म्हणालो, "निरोपाच्या दिवशी बघाल."

मग मीही त्याला बघायला लागलो. त्याच्यासारखंच पायापासून. पायात कंपनीचे बूट. अंगात कंपनीचा ड्रेस. खिशात कंपनीचा पेन. पुढं काय बघायचं, कळंना. म्हटलं चहापासून सुरू करू. साखरेचा पितो की बिनसाखरेचा? शुगरवाला फिटर म्हणाला, "बिनसाखरेचा. माझ्याबरोबर रोज घेतो." कँटीनवाला म्हणाला, "दोन चमचे." चहाला न शिवणारा हेल्पर म्हणाला, "तो कुठं चहा पितो? नुसता उभा राहतो माझ्याजवळ." तिघंही खरं बोलत होते. ज्याच्याशेजारी उभा, त्याच्यासारखा. आता अशा माणसाला काय द्यावं?

सुट्टीच्या दिवशी शहागंजात गेलो. भेटवस्तूंच्या एका दुकानात काउंटरवर एक पोरगी होती. म्हणाली, "काका, फोटो द्या, कपावर छापून देते. उशीवर पण येतो. घड्याळात पण येतो."

मी म्हणालो, "म्हणजे त्यानं स्वतःच्याच तोंडाला तोंड लावून चहा प्यायचा?"

"सगळे तेच नेतात काका. पर्सनल गिफ्ट."

बरं, फोटो तर फोटो. कंपनीतल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये निरोपाचे ढिगानं फोटो. सगळे चाळून झाले. आचारी आहे, कुत्रं आहे, मी तर चार ठिकाणी आहे. हा कुठंच नाही. दर वेळी मोबाईल ह्याच्याच हातात असणार.

शेवटी रविवारी पडेगावला त्याच्या घरी गेलो. तो बाजारात गेलाय, हे बघूनच गेलो. वहिनी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी इकडचं तिकडचं न बोलता सरळ विचारलं, "वहिनी, ह्याला आवडतं काय?"

वहिनींचे हात थांबले. "मला इचारता व्हय भावजी? मीच तुम्हाला इचारणार होते. कसलीबी भाजी करा, म्हणतेत 'चांगली झाली'. एकदा मीठच नव्हतं टाकलं. तरी म्हणले, चांगली झाली."

"मग काय द्यावं?"

"काय की. लई अवघड माणूस हाय. दिसायला सोपा."

घरी येताना डोक्याचा नुसता भुगा. दोन दिवस राहिले होते. आणि रिक्षात बसल्या बसल्या माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. ह्याचा बाप मेंढरं राखायचा. हा माणसाला बघतो तोसुद्धा बाजारात मेंढरू बघावं तसा, आधी पाय. मग ह्याचा जीव कशात असणार? मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं. छावणीच्या बाजारातून एक कोकरू आणलं. पांढरं, कपाळावर काळा ठिपका. लाल रिबीन बांधली. रिबिनीला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर त्याचं नाव.

गेटवर नव्या वॉचमननं अडवलं. कंपनीत बाहेरचं काही न्यायचं तर पास लागतो. "मटेरियल काय?"

"दिसत नाही? कोकरू."

त्यानं लिहिलं, कोकरू, एक नग. मग पेन थांबवून म्हणाला, "परत न्यायचंय का इथंच राहणार?"

"निरोपाची भेट हाय ती. परत कशाला न्यायची?"

हॉलमध्ये मी कोकरू घेऊन शिरलो आणि टाळ्या, शिट्ट्या, नुसता दंगा. वेल्डरनं माझ्या पाठीत थाप मारली, "मानलं पाटील!" मी छाती काढून कोकरू त्याच्यापुढं ठेवलं.

तो हसला नाही. कोकराकडं त्यानं बघितलंच नाही. थेट माझ्या तोंडाकडं बघितलं. आणि हळूच, माझ्यापुरतं म्हणाला, "तीस वर्षं मी इथं माणूस माणूस बघितला, पाटला. तू मला बघितलं आणि तुला धनगर दिसला व्हय?"

पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला.

मला तसं म्हणायचं नव्हतं. मग कसं म्हणायचं होतं? तेवढ्यात साहेब म्हणाले, "फोटो, फोटो!" त्यानं सवयीनं मोबाईल घ्यायला हात पुढं केला. कुणीतरी त्याला ओढून मध्ये उभं केलं. त्याचा कंपनीतला तेवढा एकच फोटो आहे. कडेवर कोकरू, गळ्यात हार, कोकरू हाराची झेंडूची फुलं खातंय.

माफी मागायला पाहिजे होती, हे मला त्याच दिवशी कळत होतं. पण आमच्या घरात माफी मागायची रीत नाही. माझ्या बापानं मागितली नाही, मीही कधी मागितली नव्हती. तीन रात्री झोप आली नाही, तरी गेलो नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तोच दारात. कोकरू दोरीला. मला वाटलं, परत करायला आला. मनात म्हटलं, घेऊ गपचूप, मिटला विषय.

तो म्हणाला, "हे सारखं बें बें करतंय. गल्ली शिव्या देतीय. मेंढरू एकटं राहत नाय, येवढं तरी कुणाला इचारायचं होतं. चल."

"कुठं?"

"दुसरं आणायला."

बाजारात ह्या खेपेला त्यानं निवडलं. एक डोळा बारीक करून, दोन तास. व्यापारी वैतागला. अशी दोन झाली. आणि दोन मेंढरं दाराशी बांधून चालत नाही, चारायला न्यावी लागतात. रोज सकाळी तो पडेगावच्या माळावर. मी आधी रविवारी जायचो, रिटायर झाल्यावर रोज जायला लागलो. माफी तेवढी राहिली. पाय रोज चालले.

माळावर एकदा त्यानं आपणहून सांगितलं. बाराव्या वर्षी तो बापाचा कळप उन्हात टाकून पळाला होता, शाळेसाठी. बाप मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही. म्हणून मेंढरू बघितलं की त्याला बाप आठवायचा. असं सांगताना तो मेंढराच्या खुरातला काटा काढत होता. इतक्या हलक्या हातानं की मेंढराला कळलंही नाही.

मी विचारलं, "मग राग येतो का रे ह्यांचा?"

"नाय."

"मग आवडतेत?"

"चांगली हायेत," तो म्हणाला.

आता ह्याचं काय करायचं सांगा. बिनमिठाच्या भाजीलाही तो हेच म्हणायचा. पहाटे उठून पाला आणायचा तेही खरं, आणि हॉलमध्ये माझ्याकडं बघितलं तेही खरं. दोन्हींतलं कुठलं धरायचं? मी घरी येऊन बायकोला विचारायचो, "तो माझ्यावर अजून रागावलाय का?" ती म्हणायची, "त्यालाच इचारा की." त्याला विचारायचं असतं तर बायकोला कशाला विचारलं असतं!

दोन वर्षं अशी गेली. मग एके दिवशी हट्ट गिळून विचारलंच. "खरं सांग. मी तुला काय द्यायला पाहिजे होतं?"

तो म्हणाला, "मला काय नको होतं. तिला बोलवायचं होतं एकदा."

"कुणाला?"

"घरच्या माणसाला. तीस वर्षं डबा बांधला तिनं. डबा कुठं जातो ते बघितलं नाय. माझी खिडकी तिला दाखवायची होती."

"मग सांगायचं की तेव्हा!"

"कुणी इचारलं का?"

"आता इचारतोय ना."

"आता कुठं? आता मी रिटायर झालो." आणि उठून मेंढरांमागं गेला.

मी मागून ओरडून म्हणालो, पुढल्या महिन्यात नेऊ वहिनींना, मी गेटवर बोलतो. पुढल्या महिन्यात तो दवाखान्यात होता. त्याच्या पुढल्या महिन्यात गेला. मेंढरं त्याच्या पुतण्यानं गावाकडं नेली. आता सकाळी माळावर मी जात नाही. जाऊन काय करू?

दिवसपाणी झाले. महिनाभरानं मी वहिनींना म्हणालो, "चला, कंपनी बघायला."

"आता कशाला भावजी?"

पण एकदा ठरवलं की ठरवलं.

गेटवर तासभर बसवलं. काम काय, कुणाला भेटायचंय, अपॉइंटमेंट आहे का. आयुष्यात कुणापुढं हात न जोडलेला माणूस मी, त्या दिवशी तीन जणांपुढं जोडले. शेवटी ऑफिसातली एक मॅडम आली, म्हणाली, दहा मिनिटं. नियम म्हणून वहिनींच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलं. पदरावर हेल्मेट, हातात पिशवी, अशा वहिनी मशीनच्या आवाजात कान झाकत माझ्यामागून चालल्या. प्रेस दाखवलं, कँटीन दाखवलं. मग स्टोअरच्या खिडकीशी आलो.

तिथं आता एक बाई बसते. समोर कॉम्प्युटर. वहिनी खिडकीपुढं उभ्या राहिल्या. आत रांगेनं रॅक, डबे, डब्यांवर नावं. वहिनी खिडकीच्या फळीवर हात ठेवून आत बघत राहिल्या.

आतल्या बाईनं मान वर न करता सवयीनं विचारलं, "काय पाहिजे?"

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी वहिनींकडं.