शिळं पाणी

आदल्या दिवशीचं पाणी सकाळी ओतून द्यायचं आणि हंडे ताजे भरायचे, हा आमच्या काळेवाडीच्या घरात सासूबाईंपासूनचा शिरस्ता. शेजारच्या गायकवाड काकांचं सगळं उलटं. ते बादली भरून ठेवत आणि पाणी शिळं व्हायची वाट बघत. बादलीत कुणी तांब्या बुडवायला गेलं की आतून ओरडत, "शिवू नका हो, कच्चं हाय ते अजून!"

काका लातूरकडचे. चाकणच्या एका कंपनीत फिटर म्हणून जन्म गेला. काकू अंथरुणाला खिळल्या तेव्हा खाटेसमोर त्यांनी काचेची पेटी आणि चार सोनेरी मासोळ्या आणून ठेवल्या होत्या. काकू गेल्या, तीन मासोळ्याही गेल्या. उरली तिला ते म्हातारी म्हणत. "हिच्याकडं बघत बघत गेली बायको माझी," एकदा म्हणाले. "आता तिला बघितलेलं ह्या घरात आमी दोघंच."

पाणी बदलायचा वार रविवार. गवंड्याची लेव्हलची नळी, तिच्या टोकाला सरबताच्या बाटलीचं कापलेलं तोंड. ते वाळूवर हळूहळू फिरवायचं, की घाण तेवढी नळीतून खालच्या टपात उतरे. नळीला तोंड लावू देत नसत. "कंपनीत मशीनचं कूलंट तोंडानं ओढू ओढू जीभ मेली माझी. नळी आधी पाण्यानं भर, अंगठा दाबून धर." मी एकदा म्हटलं, सगळंच बदला की, लख्ख होईल. तर चिडले. "चार आणे काढायचं, बारा आणे ठेवायचं! नळाच्या पाण्यात औषध आसतंय. दिवसभर उघडं ठेवलं की उडून जातंय. ताजं म्हंजी तिला इख हाय, माय."

मोतीबिंदू पिकला तसं त्यांना म्हातारी नीट दिसेना. "नुसता तांबडा ठिपका हालायलाय," म्हणायचे. लातूरची मुलगी ऑपरेशनला बोलावून थकली. पाणी कोण बदलील म्हणून हे हलत नव्हते. शेवटी मीच म्हटलं, "जा हो काका, मी आहे ना." तीन रविवार त्यांनी माझ्याकडून सगळं करून घेतलं, मग गेले.

चौथ्या रविवारचं पाणी मी शनिवारीच भरून ठेवलं होतं. सकाळी नळ आला, आमचे हंडे ओतले, विसळले, भरले, आणि त्याच हाताने त्यांची बादलीही ओतून, घासून, भरून टाकली. ध्यानात आलं तेव्हा बादली काठोकाठ होती. एक दिवस थांबायचं, एवढंच करायचं होतं. पण मला माहेरी कार्यक्रमाला जायचं होतं, साडी नेसून तयार होते. पाण्याला औषधाचा वास येत होता, तो मला आला. एका बादलीने काय होतंय, म्हणत मी ते पेटीत ओतलं. दुपारी परत आले तर म्हातारी कुशीवर तरंगत तोंड उघडमीट करत होती. संध्याकाळी तेही थांबलं.

काका आले ते काळा चष्मा काढूनच आत शिरले. खरं सांगायचं मी चार दिवस घोकलं होतं.

"म्हातारी कुठंय?"

"गेली, काका. वय झालं होतं."

"पाणी?"

"तुम्ही सांगितलं तसंच."

काका पेटीसमोर खाटेवर बसले. म्हणाले, "माझंच चुकलं. डोळ्याच्या नादानं गेलो. शेवटाला तू तरी होतीस तिच्याजवळ."

त्यानंतर त्यांनी डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचं सोडलं. मी रोज भाकरी घेऊन जाई, ते अर्धी खात. रोज शब्द ओठांशी येत आणि मी ते गिळत असे. माझी लाज मला त्यांच्याहून मोठी वाटली, दुसरं काही नाही. चार महिन्यांनी काका गेले.

घर रिकामं करायला मुलगी आली. माझे दोन्ही हात धरून रडली. "बाबा फोनवर सारखे म्हणायचे, शेजारीण आसावी तर आशी."

मी तिला चहा विचारला.