‘बंद’ म्हणजे नक्की काय?

रेवा आणि ईशान,

परवा व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला माझी स्क्रीन दाखवत होते तेव्हा रेवा हसली. “आजी, ‘निकाली’ काय लिहिलंयस? हे काय कोर्ट आहे का?” त्याचं उत्तर देणार तेवढ्यात तुमची क्लासची वेळ झाली. त्या स्क्रीनवरचं मराठीचं काम मी याच महिन्यात दुसऱ्या बाईंकडे सोपवलं. कागद आवरायला काढलेत, सगळं समोर आहे, तर आत्ताच लिहून टाकते.

‘निकाली’ची गोष्ट अशी. एका शनिवारची सकाळ होती. मी राहते त्या ब्लँचर्डस्टाउनच्या लायब्ररीतल्या छोट्या खोलीत फर्गलने आपला लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पुढच्या व्हर्जनचा प्लॅन होता. सातव्या ओळीत लिहिलं होतं : मराठी काढून टाकायचं.

फर्गल म्हणजे आमच्या बग ट्रॅकरचा प्रमुख. वयाने तुमच्या बाबांएवढा, तरी मला सरळ ‘वसुधा’ म्हणतो. इथे सगळे तसंच म्हणतात. आठवडाभर तो ग्रँड कॅनाल डॉकला मोठ्या कंपनीत नोकरी करतो आणि शनिवारी हे काम. बग म्हणजे प्रोग्राममधली चूक. ट्रॅकर म्हणजे तक्रारवही : प्रत्येक तक्रारीला नंबर, आणि ती कुठवर आली हे सांगणारा एक शब्द. त्या शब्दाला स्टेटस म्हणतात. आमचा ट्रॅकर ओपन सोर्स आहे. म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना दिसतो, कुणीही फुकट वापरावा, कुणीही सुधारावा. नोकरीत मी तीस वर्षं टेस्टिंग केलं. निवृत्तीनंतर इथे टेस्टिंगचा प्लॅन मी बघत असे. मराठी भाषांतरही माझंच.

“का काढायचं?” मी विचारलं.

“तुझे मराठी लोक नुसते खेळतात,” फर्गल म्हणाला. त्याने एक तक्ता उघडला. वापरणाऱ्यांनी परवानगी दिली तर ट्रॅकर आम्हाला आकडे पाठवतो. नावं नाहीत, मजकूर नाही, फक्त भाषा आणि वेळा. “हे बघ. तक्रार टाकतात, एका मिनिटात क्लोज करतात. मग दोन-तीन आठवड्यांनी ओपन करतात आणि परत कधी हातसुद्धा लावत नाहीत. आणि दर व्हर्जनला तू मराठी तपासण्यात दोन दिवस घालवतेस.”

त्याच प्लॅनमध्ये आणखी एक सोय होती. क्लोज होऊन महिना झालेल्या तक्रारी यादीतून आपोआप हलवून मागच्या कप्प्यात टाकायच्या. त्याची टेस्ट झाली होती. निकालाच्या रकान्यात फर्गलने लिहिलं होतं, ‘ग्रँड’. इथे ग्रँड म्हणजे भव्य वगैरे काही नाही. ठीक आहे, चालेल, ऐकलं, पुढे बोल, यातलं काहीही.

“मला पुढच्या शनिवारपर्यंत वेळ दे,” मी म्हणाले.

“ग्रँड,” तो म्हणाला.

खरं सांगते, मला राग आला नव्हता. मला नवल वाटत होतं. कुणी एका मिनिटात तक्रार का मिटवेल?

आधी संशय प्रोग्रामवर घ्यायचा, ही टेस्टरची सवय. मराठी निवडून मी वीस तक्रारी टाकल्या. एकही आपोआप क्लोज झाली नाही. म्हणजे बटण माणूसच दाबत होता. मग मी तक्त्यातले वार पाहिले. सोमवार ते शनिवार तक्रारी होत्या, रविवारी जवळजवळ नाहीत. खेळणारा माणूस रविवारी सुटी घेत नाही. हे कुणाचं तरी काम होतं.

मग मी ट्रॅकरच्या फोरमवर मराठीत लिहिलं : हा ट्रॅकर मराठीतून कोण वापरतं? कृपया बोला. तीन दिवसांनी एकच उत्तर आलं, फोन नंबरसकट. कोकणातल्या एका छोट्या हॉस्पिटलचे टेक्निशियन, सुर्वे. तिथली यंत्रं दुरुस्त करणारे एकटेच; त्या यंत्रांच्या तक्रारी ते आमच्या ट्रॅकरमध्ये टाकत. इथली सकाळ, तिथली दुपार गाठून मी फोन लावला.

“मॅडम, फार सोय झाली तुमच्या ॲपने,” ते म्हणाले. “आधी सिस्टर लोक चिठ्ठ्या द्यायचे. निम्म्या धुण्यात जायच्या.”

“सुर्वे, एक विचारू? तक्रार टाकली की लगेच बंद का करता?”

“मी कशाला बंद करू?”

“पण तुम्ही ‘बंद’ निवडता ना?”

“मग? मशीन बंद पडलंय म्हणूनच तर टाकतो. चालू असतं तर कशाला टाकलं असतं?”

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

“आणि दुरुस्त झाल्यावर?”

“मग चालू करतो. ‘चालू’ आहे ना तुमच्यात, ते.” मग त्यांनी विचारलं, “मॅडम, तुम्ही पुण्याच्या का?”

“हो.”

“वाटलंच.”

इंग्रजी यादी समोर ठेवून मी शब्दापुढे शब्द मांडले होते. ओपनला ‘चालू’, क्लोज्डला ‘बंद’. ‘बंद’ बटणात मावतो का, जोडाक्षरं तुटतात का, सगळं तपासलं होतं. पण बंद तक्रार म्हणजे काम संपलं आणि बंद मशीन म्हणजे काम अडलं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. शिक्षण इंग्रजीत, नोकरी इंग्रजीत. मी मराठी शब्द वापरले आणि विचार इंग्रजीत केला.

“आत्ता यादीत बंद काय काय आहे?” मी विचारलं.

“सहा आहेत. त्यात बाळांचा वॉर्मर आहे. कमी वजनाचं बाळ जन्मलं की त्यात ठेवतात. दोन आहेत, त्यातला एक बंद. पार्टची दोन महिने वाट बघतोय. दर सोमवारी यादी उघडतो आणि कंपनीला फोन लावतो.”

“आणि तो यादीतून गेला तर?”

“मग माझ्या डोक्यातूनही गेला, मॅडम. एवढी मशीनं, मी एकटा.”

दोन महिने. आमचं नवं व्हर्जन एका महिन्यावरचं सगळं हलवणार होतं. फोन ठेवण्याआधी मी विचारलं, तक्रार संपली हे तुम्ही कसं म्हणाल? ते लगेच म्हणाले, “आमच्या पंचायतीत तक्रार निकाली काढली म्हणतात.”

शनिवारी फर्गलला सगळं सांगितलं. त्याने तक्ता पुन्हा उघडला.

“म्हणजे तुमच्यात क्लोज झालेली तक्रार चांगली आणि क्लोज झालेलं मशीन वाईट? आणि हे घेऊन तुम्ही दिवसभर वावरता?”

“तू ग्रँड म्हणतोस तेव्हा मला तरी कुठे कळतं?”

तो हसला. मग म्हणाला, “ठीक. मराठीवाल्यांचं सगळं उलटं करून टाकू.”

“नको. कुणीतरी बरोबरही वापरलं असेल. शिवाय ‘बंद’च्या जागी नुसतं ‘निकाली’ लिहिलं तर तो बंद पडलेला वॉर्मरही ‘निकाली’ दिसेल.”

“मग?”

“विचारू या. नवं व्हर्जन बसवताना एकच प्रश्न : तुमच्याकडे ‘बंद’ म्हणजे मशीन बंद, की तक्रार संपली? उत्तर मिळेपर्यंत काहीही हलवायचं नाही.”

“एका माणसासाठी रिलीज पुढे ढकलायचा?”

“उत्तर एकाने दिलंय. असे किती आहेत ते तुला माहीत नाही, मलाही नाही.”

रिलीज पाच आठवडे पुढे गेला. फर्गल त्यातले दोन आठवडे कुरकुरला. सुर्व्यांनी नवं व्हर्जन बसवलं, प्रश्नाला ‘मशीन बंद’ असं उत्तर दिलं, आणि सहाच्या सहा तक्रारी यादीत जागच्या जागी राहिल्या. वॉर्मरचा पार्ट नंतर आला. त्या तक्रारीवर त्यांनी ‘निकाली’ लावलं आणि खाली लिहिलं, ‘चालू झाला’.

आकडे विचित्र दिसले की माणसाला फोन लावावा, एवढंच मी यातून शिकले. त्यासाठी तीस वर्षं लागायला नको होती.

फर्गलच्या प्लॅनमधून सातवी ओळ गेली. तिच्या जागी दुसरी आली : ज्याचं मशीन बंद आहे, त्याच्याशी कुणी बोललं का? दर रिलीजआधी ती अजून विचारली जाते. तिच्यापुढे ‘ग्रँड’ लिहिलेलं चालत नाही. कोण कुणाशी बोललं, ते नावानिशी लिहावं लागतं.