शुशानला ओटी, सरांना शाल

नाशिकच्या वाचकांनो, आपल्या सगळ्यांच्या कपाटात एक खोटं पुस्तक आहे.

'जर्दाळूची कोय'. आर्मेनियन कवितांचा मराठी अनुवाद.

अनुवादक म्हणून ज्या सरांचं नाव आहे, त्यांना आर्मेनियनचं एक अक्षर येत नाही. त्यांचं नाव मी घेत नाही. कव्हरवर आहेच.

जिला ती भाषा येत होती, ती काल सकाळी गेली.

आज गंगापूर रोडवर फ्लेक्स लागलाय. 'सौ. सुषमावहिनी यांना भावपूर्ण श्रद्धांजली. रशियन भाषेच्या जाणकार, आदर्श गृहिणी.'

एका फ्लेक्सवर इतक्या चुका करायला साहित्यिकच लागतात.

तिचं नाव शुशान. ती आर्मेनियन. स्वतः कवी, आणि पक्की अनुवादक. आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानच्या मासिकांत तिच्या कविता छापून यायच्या. आदर्श गृहिणीचं म्हणाल, तर तिच्या हातचं वरण मी खाल्लंय. तेही खोटं आहे.

तिचा नवरा दिलीप इथल्या कारखान्यातून सोव्हिएत युनियनला ट्रेनिंगला गेला होता. तो देश मोडत होता, त्या सुमारास हिला घेऊन परत आला.

इथे पुन्हा लग्न लागलं. ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं. सुषमा.

"मला वाटलं, भात शिजला की ते नाव जाईल," ती म्हणायची.

नाही गेलं.

मराठी ती सासूबाईंकडून शिकली. लासलगावकडची बाई, धान्य निवडताना ओव्या म्हणायची. शुशानने त्या ओव्या आर्मेनियनमध्ये नेल्या. येरेवानहून मासिक आलं, तेव्हा मी त्यांच्या घरीच होते.

"आई, हे बघा तुमचं नाव. वर तुमचं, खाली माझं."

"अगं, हे तर नुसते मासे धरायचे गळ हायेत! ह्यात मी कुठं हाय?"

"ही काय, इथे."

सासूबाईंनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "लय बारीक लिहिलंय," म्हणाल्या. आणि मासिक देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं.

येरेवानने लासलगावच्या बाईचं नाव छापलं.

नाशिकला आपल्याच सुनेचं छापता आलं नाही.

'जर्दाळूची कोय'चं काम कसं चालायचं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. शुशान मूळ ओळ मोठ्याने वाचायची. मग तीच ओळ मराठीत सांगायची, पुन्हा सांगायची, मनासारखी होईपर्यंत सांगायची. सर समोर बसून उतरवून घ्यायचे. ऱ्हस्व-दीर्घ बघायचे. पोहे खायचे.

अधूनमधून सल्लाही द्यायचे.

"वहिनी, जर्दाळू कुणाला कळणार? आंबा करा."

"सर, आमच्या डोंगरात आंबा लावू? थंडीने मरेल हो."

"अहो, कवितेत कसली थंडी!"

हे आपले अनुवादक.

प्रकाशन समारंभात सरांना शाल आणि श्रीफळ दिलं. शुशानची खणानारळाने ओटी भरली. प्रस्तावनेच्या शेवटी तिचे आभार होते: सौ. सुषमावहिनींच्या चहा-पोह्यांशिवाय हे काम झालं नसतं.

मी उभी राहिले. माझा आवाज माइकशिवाय पोचतो, हे तुम्हाला माहीत आहे.

"सर, आर्मेनियन कुठे शिकलात?"

सभागृह हसलं. सरही हसले. "ताई, कवितेला भाषा नसते."

टाळ्या!

आचाऱ्याने म्हणावं, जेवणाला चव नसते. आणि पंगतीने टाळ्या वाजवाव्यात.

त्या एका पुस्तकावर सर समित्यांवर गेले. अनुवादाच्या वर्कशॉप घेतल्या. नवोदितांना 'मूळ भाषेशी इमान' शिकवलं. इतक्या वर्षांत एकाही समीक्षकाने, एकाही संपादकाने माझा प्रश्न पुन्हा विचारला नाही. न कळण्याइतके ते मूर्ख नव्हते. पुढची शाल त्यांनाही हवी होती.

समारंभानंतर शुशान माझ्या स्कूटरवर मागे बसली. मांडीवर ओटीचा नारळ.

"चिडू नकोस गं. कविता मराठीत आल्या ना?"

थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "पण हे पुस्तक तिकडे माझ्या आईला पाठवायचंय. तिला मराठी येत नाही. तरी ती माझं नाव शोधेल."

घरी आल्यावर तिने पेन घेतलं. पहिलं पान उघडलं. सरांच्या नावावर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'अनुवाद: शुशान'. एकदा देवनागरीत, एकदा तिच्या त्या गळांच्या अक्षरांत.

ती प्रत येरेवानला गेली. छापलेल्या सगळ्या प्रतींत तेवढी एकच खरी.

पुढे कधीही विचारलं, शुशान, नवीन काय करतेस, की सांगायची, "तिकडे लिहितेय. मराठीत नको गं. मराठीत मी सुषमा आहे."

तिची एक भाषा आपण अशी बंद केली. आपलं किती गेलं, ते मोजायलाही आता कुणी नाही.

परवा शोकसभा आहे. अध्यक्ष कोण, ते सांगायला नकोच. 'फ्लेक्सवर शुशान लिहा,' असं दिलीपने सांगितलं होतं. संयोजक म्हणाले, "लोकांना कळणार नाही."

कळेल. लोक म्हणजे तुम्ही.

सभेला जा किंवा जाऊ नका. फुलं वाहा किंवा वाहू नका. एवढंच करा. आज घरी गेलात की कपाटातून 'जर्दाळूची कोय' काढा. पहिल्या पानावरच्या त्या नावावर रेघ मारा. खाली लिहा:

अनुवाद: शुशान.

ये गं शुशान.

आणि वाचकांनो, पेनने लिहा. तांदळात नको.