आमच्या भाषेच्या विभक्त्या

सरकीचा वास आला की माझी वाचाळ जीभ अजूनही टाळूला चिकटते. बेचाळीसच्या धरपकडीचे दिवस होते. मी आणि माझा मित्र वामन, आम्ही दोघांनी आमची एक नवी भाषा रचली होती. तिच्या विभक्त्या वामनने शहाद्याच्या सरकी काढायच्या जिनमागे, भिंतीवर कोळशाने लिहिल्या. तेवढ्यात पोलीस जमादार आला.

"काय लिखेल शे रे हाई?"

"व्याकरण आहे, साहेब!" वामन चिमटे काढत होता, तरी मी सगळ्या विभक्त्या घडाघडा म्हणून दाखवल्या आणि शाबासकीची वाट पाहत थांबलो.

"इतलं पाठ शे? मंग तुमनी टोळी मोठी शे."

त्याने आमचे हात पाहिले. माझे स्वच्छ होते. वामनची बोटं काळी होती.

"चाल रे भाऊ, कचेरीमा."

वामन उन्हाळ्यात सुटला. माझ्याशी मात्र तो पुन्हा कुठल्याच भाषेत बोलला नाही.