जुन्या घडणीचं पिस्तूल आणि मेंदीचे हात

ती गोळी सुटली तेव्हा मी पार्किंगमध्ये होतो. आवाज मला ऐकू आला नाही. तरी नोकरीतल्या मोठमोठ्या गुन्ह्यांपेक्षा ही घटना मनात जास्त घर करून राहिली आहे.

महाराष्ट्र पोलीस दलातून निवृत्त झाल्यावर मी मुलाकडे दुबईला आलो. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं एवढीच ड्यूटी उरली होती. मग ओळखीतून शहराबाहेरच्या एका खासगी शूटिंग क्लबमध्ये सुरक्षा अधिकाऱ्याचं काम मिळालं. या देशात शस्त्रांचे नियम कडक आहेत. सकाळी शस्त्रांची खोली उघडणं, नग मोजणं, काडतुसांचा ताळा जुळवणं, संध्याकाळी पुन्हा तेच. मुद्देमालाची खोली सांभाळलेल्या माणसाला यात नवीन काही नव्हतं.

नवीन होती ती पिस्तुलं. क्लबने जुन्या घडणीच्या काही पिस्तुलांची खेप मागवली होती. मूळ रचना शंभर वर्षांपूर्वीची, बनावट आजची. क्लबचे मॅनेजर इमिराती होते. निवृत्त पोलिसाला ते सरसकट कॅप्टन म्हणत. त्यांनी एक पिस्तूल माझ्यासमोर ठेवलं.

"कॅप्टन, तुम देखो. नया मेंबर को देना सेफ है, नॉट सेफ है, लिख के दो. यल्ला, जल्दी."

माझी सगळी नोकरी रिव्हॉल्व्हर आणि नंतर सर्व्हिसच्या नाइन एमएमवर गेली. या घडणीला मीही नवशिकाच होतो. पिस्तूल सगळं पोलादी आणि हाताला जड. मूठ सपाट, त्यामुळे पकड चांगली बसते. चाप हलका, सरळ मागे जाणारा. नेम धरणाऱ्याला आवडेल असा. पण मागचा घोडा, म्हणजे काडतुसाला ठोका देणारा हॅमर, उघडा, आणि पिस्तूल तयार ठेवायचं म्हणजे घोडा चढवून, बाजूची सेफ्टी लावून ठेवायचं. मुठीच्या मागे आणखी एक सेफ्टी असते. मूठ घट्ट आवळल्याशिवाय ती दबत नाही, आणि ती दबल्याशिवाय चाप काम करत नाही.

कागदावर हे सुरक्षित होतं. तरी चढलेला घोडा पाहून मला बरं वाटेना. आमच्याकडे शिकवण एकच होती: चेंबर रिकामं, घोडा खाली. माझा अहवाल अर्धा लिहून झाला होता, तेवढ्यात ती घटना घडली.

शस्त्रांच्या खोलीत दोन माणसं काम करत. एक चाचा. ते रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरचे, आमच्याच दलातले निवृत्त हवालदार. आख्खी नोकरी शस्त्रागारात गेलेली. दुसरी रेंजवरची प्रशिक्षक. वय पंचविशीच्या आत, आईवडील रायगडचे, पण जन्म आणि शाळा शारजातली. मराठीत विचारलं तर उत्तर इंग्रजीत. ती आधी क्लबच्या काउंटरवर होती. चाचांनी तिला नेमबाजी शिकवली. वडिलांचं रास अल खोरला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान; मुलीने पिस्तूल हातात धरणं त्यांना मान्य नव्हतं. चाचा स्वतः त्या दुकानात जाऊन बसले आणि म्हणाले, "तुमची बाय माझ्या नजरेसमोर असेल." त्यानंतर ती परीक्षा देऊन प्रशिक्षक झाली. तिच्या घरात असं काम करणारी ती पहिलीच.

त्या दुपारी शस्त्रांच्या खोलीत नव्या खेपेतल्या एका पिस्तुलातून गोळी सुटली. पिस्तूल हाताळताना नळी जिच्याकडे धरायची त्या वाळूच्या पेटीची कड फोडून ती भिंतीत रुतली. कोणाला लागली नाही. मी पोहोचलो तेव्हा मुलगी टेबलापाशी उभी होती. चाचा कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धूत होते.

"माझ्या हातून सुटली, सर," ती म्हणाली. एरवी इंग्रजी बोलणारी ती त्या वेळी मराठीत बोलली, हे मी टिपून ठेवलं.

पिस्तूल सीलबंद केलं, पुंगळी उचलली, पंचनाम्यासारखं टिपण केलं. नियमाप्रमाणे त्याच दिवशी सरकारी खात्याला कळवलं. सविस्तर अहवाल पाठोपाठ जायचा होता, त्यात जबाबदार व्यक्तीचं नाव लागणार होतं. त्या व्यक्तीचं रेंजवरचं लायसन्स जाणार हे उघड होतं. मॅनेजर म्हणाले, "लडकी ने बोल दिया. खलास. लिखो." कॅमेऱ्याचा उपयोग झाला नाही. कपाटाचं दार उघडं असलं की टेबल त्याच्याआड जायचं, आणि दार उघडं होतं.

जबाब तयार असला की तपास अधिकाऱ्याला झोप चांगली लागते. म्हणूनच अशा वेळी जागं राहायचं असतं.

खबर मिळाली ती काउंटरवरून. तिथली फिलिपिनो बाई काच पुसता पुसता माझ्याशी हिंदीत बोलली.

"सर, आप को सच लगता? फिंगर ट्रिगर पे? उसका?"

"क्यों नहीं?"

तिने हातातली स्प्रेची बाटली वर धरली. "मैं ये पकड़ती, वो उधर से चिल्लाती, फिंगर आउट! ये बॉटल है सर. पानी है. फिर भी फिंगर आउट!"

हा पुरावा नव्हता. पण माणसाची सवय ही जबाबापेक्षा जुनी असते, म्हणून मी मुलीला पुन्हा बोलावलं. समोर चहा ठेवला. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. चुलत बहिणीच्या लग्नाची मेंदी अजून गडद होती.

"नीट सांग. पिस्तूल टेबलावर कसं आलं?"

"आय ब्रॉट इट, सर. ट्रेमधून. मेंबरला फोन आला, तो लेनमध्येच ठेवून गेला. हॅमर अप, सेफ्टी ऑन."

"रिकामं आहे का पाहिलंस?"

"नो, सर. दॅट इज द ट्रुथ. आय डिडन्ट."

"मग?"

"मग उचललं. सेफ्टी सरकली. फिंगर लागलं."

"हात दुखावला का?"

"नो, सर. आय अॅम फाइन."

पहिला भाग ती माझ्याकडे बघून बोलली होती, दुसरा चहाच्या कपाकडे बघून. खोटं बोलणारी माणसं मी खूप पाहिली. स्वतःला वाचवणारा माणूस पसरट बोलतो. दुसऱ्याला वाचवणारा थोडक्यात आटपतो. ती थोडक्यात आटपत होती.

मी रेंजवर गेलो आणि त्याच खेपेतलं दुसरं पिस्तूल घेतलं. तिने सांगितलेला प्रकार रिकाम्या पिस्तुलावर करून पाहिला. सेफ्टी सरकायला हवी, मूठ आवळायला हवी, चापावर दाब हवा. उचलताना चुकून या तिन्ही गोष्टी एकदम होईनात. मग मी पिस्तूल नुसतं हातात धरून उभा राहिलो. घोडा चढलेला होता. थोड्या वेळाने लक्षात आलं की माझा अंगठा आपणहून घोड्यावर गेला आहे. तो घोडा मला खाली उतरवायचा होता. त्यासाठी सेफ्टी काढावी लागते, मूठ आवळावी लागते आणि घोडा अंगठ्याने धरून चाप दाबावा लागतो. तिन्ही गोष्टी, आणि त्याही ठरवून. अंगठा निसटला की गोळी गेलीच.

इथे शिकलेल्या मुलीचा अंगठा घोड्यावर जाणार नव्हता. तो सेफ्टीवरच राहणार. घोड्यावर अंगठा जाणार तो आमच्या शाळेतल्या माणसाचा.

अहवालासाठी म्हणून मी काही गोळ्या झाडल्या. पहिल्याच गोळीला अंगठा आणि तर्जनीमधल्या कातडीला जोरात चिमटा बसला. मागे येणारा घोडा तिथे लागला होता. मी मूठ फार वरून धरली होती. या पिस्तुलाचा घोडा नवख्याला चावतो, हे मला तेव्हा कळलं. रक्ताचा थेंब पुसताना दोन हात आठवले. मुलीच्या हाताची मेंदी त्या जागी अखंड होती, नक्षीची एक रेघही तुटलेली नव्हती. आणि चाचांच्या उजव्या हाताला त्याच जागी पट्टी होती. तेलाच्या डब्याचं झाकण लागलं, असं ते म्हणाले होते.

चाचा अबू धाबीजवळच्या मुसफ्फ्याहून आलेले पिस्तुलांचे सुटे भाग पुसत बसले होते. मी स्टूल ओढून समोर बसलो आणि माझा हात त्यांच्यापुढे धरला.

"हे बघा हवालदार. मलाही झाकण लागलं."

त्यांनी जखम पाहिली. हातातलं फडकं खाली ठेवलं.

"पोरीचं लायसन्स जाणार," मी म्हणालो.

ते उभे राहिले. "लायसन्स? साहेब, नुसती समज देतील म्हणाली ती. 'चाचा, ओन्ली वॉर्निंग' म्हणाली. कसम घातली मला."

"ती खोटं बोलली."

म्हातारा माणूस मग माझ्यासमोर रडला. ईदनंतर ते कायमचे घरी जाणार होते. 'आख्ख्या नोकरीत, इथे आणि तिकडे, माझ्या टेबलावर कधी गोळी सुटली नाही,' हे वाक्य ते येईल त्याला ऐकवत. ते वाक्य त्यांनी सोबत घेऊन जावं एवढंच मुलीला हवं होतं.

"तुम्ही चेंबर का पाहिलं नाही?" मी विचारलं. शस्त्रागारातल्या माणसाला हा प्रश्न विचारताना मलाच अवघडल्यासारखं झालं.

"ट्रे तिने आणला होता साहेब. तिच्या हातचं हत्यार कधी भरलेलं नसतं. घोडा वर दिसला, उतरवायला गेलो."

मुलीला बोलावलं. चाचांना पाहताच तिला सगळं समजलं.

"चाचा, क्यूँ बताया?"

"गप गो बाय. मला फसवतेस? तुझ्या बापाला मी काय तोंड दाखवू?"

"बट आय ब्रॉट इट लोडेड! मला वाटलं तुम्ही बघाल. यू ऑल्वेज चेक!"

तपास तिथे संपला. तिने पाहिलं नाही, कारण चाचा पाहतात. चाचांनी पाहिलं नाही, कारण ती पाहते. अनोळखी माणसाच्या हातून ते पिस्तूल आलं असतं तर दोघांनीही उघडून पाहिलं असतं.

अहवालात मी हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. गोळी कोणाच्या हातून सुटली, शस्त्र न तपासता कोणी आणलं, पहिला जबाब का बदलला. काही झाकलं नाही. चाचांनी सही करताना चष्मा दोनदा पुसला. त्यांचा परवाना रद्द झाला. मुलीला रेंजवरून उतरवलं, पुन्हा प्रशिक्षण आणि पुन्हा परीक्षा देण्याची अट घातली. ती पास झाली. पिस्तुलाबद्दल मॅनेजरना लिहून दिलं: घडण उत्तम, नेम अचूक, अगदी कोऱ्या नवशिक्याला शिकवता येईल. दुसऱ्या शिस्तीत हात मुरलेल्यांना मात्र आधी रिकाम्या पिस्तुलावर सराव हवा. अशांमध्ये पहिलं नाव मी माझं लिहिलं.

त्यानंतर क्लबमध्ये एक पद्धत सुरू झाली. पिस्तूल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना उघडून दाखवायचं, आणि घेणाऱ्याने बघून तसं तोंडाने म्हणायचं. मुलगी रोज संध्याकाळी शस्त्रं जमा करताना प्रत्येक पिस्तूल माझ्यासमोर उघडते. "सर, बघा." तिने पाहिलेलं असतं हे मला ठाऊक असतं. तरी मी वाकून पाहतो आणि म्हणतो, "बघितलं." पोलिसी नोकरीने मला संशय घ्यायला शिकवलं होतं. आपल्या माणसाचं शस्त्रही तपासून घेणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं नव्हे, हे या दोघांनी शिकवलं.

चाचा गावी गेले. शुक्रवारी नमाजानंतर त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. मुलगी फोन माझ्या टेबलावर उभा करते. ते तब्येत विचारत नाहीत, हवामान विचारत नाहीत.

"बाय, हात दाखव."

ती दोन्ही हात स्क्रीनसमोर धरते, उलटे-सुलटे करते. ते चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहतात.

"आता तुमचा, चाचा."

ते उजवा हात पुढे करतात. अंगठ्याजवळ पांढरी रेघ दिसते.

"बघितलं," ती मराठीत म्हणते.