आबांचं वाऱ्याचं जॅकेट

जॅकेट घ्यायला मी आबांना, म्हणजे वडिलांना, नंदुरबारच्या दुकानात नेलं तेव्हा ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं आणि दुकानातला पंखा गरम हवा फेकत होता. मागच्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला होता. तरी दिवाळीत अस्तंब्याच्या डोंगरावर दर्शनाला जायचंच, हा त्यांचा हट्ट. तीस वर्षं कधी चुकलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जा, पण छातीला वारा लागू देऊ नका.

दुकानदाराने जाडजूड, मऊ फ्लीसच्या जॅकेटांचा ढीग काढला. मी एकेक तोंडाला लावून फुंकत होतो. पलीकडे तळहाताला हवा लागली की ते बाजूला. दुधाने पोळलेला माणूस ताक फुंकतो, मी जॅकेटं फुंकत होतो.

"पोर पाहाले गयथा तवय बी एवढा टाइम लाया नव्हता तू," आबा म्हणाले. माझ्या मुलगी बघण्यावरचा हा टोमणा ऐकून दुकानदार हसला. मला राग आला, पण सोडलं नाही. शेवटी एक राखाडी सापडलं, आतून लोकरीसारखं, बाहेरच्या थरातून फुंकर जाईना. घेतलं.

दिवाळीत डोंगर चढताना जॅकेटची पिशवी आबांनी स्वतःच्याच खांद्याला अडकवली होती. अंगात जुना विणलेला स्वेटर. गार वाटलं की घालतील, असं मी धरून चाललो. डोंगराच्या उघड्या धारेवर आलो आणि वारा सुटला. आबांचे दात वाजायला लागले, मग खोकला.

"आबा, घाला ना आता ते!"

"नवं शे. पहिले देवले दाखाडसू, मंग घालसू."

आमच्याकडे नवं कापड देवापुढे ठेवल्याशिवाय अंगाला लावत नाहीत, हे मला काय माहीत नव्हतं? दुकानात शंभर गोष्टी तपासल्या, ही एक नाही. मी चिडलो, ओरडलो, हात जोडले. आबा एका खडकाच्या आडोशाला बसले.

"तू जाय, देवले दाखाडी ये. मी आठेच बसस."

जॅकेट घेऊन मी निघालो. शिखर अजून तासाभरावर होतं, म्हणजे जाऊन-येऊन दोन तास. त्यांना त्या वाऱ्यात दोन तास बसवायचं? दुसऱ्या वळणावर मी थांबलो. खोकला तिथवर ऐकू येत होता. मला भयंकर भीती वाटली. थोडा वेळ तिथेच उभा राहिलो, आणि परत फिरलो.

"दाखाडं का?" आबांनी विचारलं.

"दाखवलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग स्वेटरवरून जॅकेट चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली. हळूहळू थरथर थांबली, चेहऱ्यावर रंग आला. आता सावकाश गेलं तर वर पोचता येईल, असं मला वाटलं. मी हात पुढे केला.

आबा माझा हात धरून उठले आणि उताराकडे वळले.

"चाल, आते घर चाल. देवनी देखी लिन्हं ना."

तीस वर्षं ती वाट चाललेल्या माणसाला शिखर किती लांब आहे, ते ठाऊक होतं. वर गेले असते तर देवापुढे माझं खोटं उघडं पडलं असतं. ते पडू नये म्हणून त्यांनी दर्शन सोडलं. पुढच्या दिवाळीला ते नव्हते.